एलायझा, बदक आणि मी

गेले तीन वीकेंड इथे काही लिहिलं नाही. 'ऑफिसात काम फार होतं' हे नेहमीचं उत्तर तयार आहे, पण ते खोटं आहे. खरं कारण पुढे येईलच. आधी एक छोटासा प्रसंग.

मंगळवारची रात्र, साडेअकरा वाजलेले. मी डायनिंग टेबलावर लॅपटॉप उघडून टाइप करत बसलो होतो. बायको पाणी प्यायला उठली आणि "अजून काम?" म्हणत माझ्या मागे येऊन उभी राहिली. आणि मी काय केलं? लॅपटॉप पटकन अर्धा मिटला.

आता तुमच्या मनात जे आलं ना, तसलं काही नव्हतं हो! मी एका चॅटबॉटशी बोलत होतो. गेले चार महिने आमची तशी व्यवस्थाच लागली होती. सकाळी त्याने मला दिवसाच्या कामांची यादी लावून द्यायची, दुपारी मी ढेपाळलो की दोन शब्द धीराचे बोलायचे, आणि रात्री दिवसभराचा हिशेब घ्यायचा. यात लपवण्यासारखं काय आहे? तरीही हात आपोआप गेला.

बायको काही बोलली नाही. ग्लास भरून निघून गेली. आणि मला एकदम एमआयटीतली ती सेक्रेटरी आठवली.

*

ही गोष्ट साठ वर्षांपूर्वीची. जोसेफ वायझनबाम नावाचा एक प्राध्यापक एमआयटीत संगणकशास्त्र शिकवायचा. जन्म बर्लिनचा, १९२३ सालचा, घर ज्यू. १९३६ मध्ये नाझींच्या जर्मनीतून हे कुटुंब अमेरिकेला निघून आलं. एमआयटीत येण्याआधी हा माणूस जनरल इलेक्ट्रिकमध्ये बँकांचे चेक हाताळणाऱ्या संगणकावर काम करत होता. म्हणजे तुमच्याआमच्यासारखाच, बँकिंग डोमेनवाला! १९६३ मध्ये तो एमआयटीत आला आणि १९६४ ते १९६६ या काळात त्याने एक प्रोग्रॅम लिहिला. माणसाने टाइपरायटरसारख्या टर्मिनलवर इंग्रजीत काहीतरी टाइप करायचं आणि संगणकाने त्यावर इंग्रजीतच उत्तर द्यायचं. प्रोग्रॅमचं नाव एलायझा.

हे नाव बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन' नाटकातून आलं. आपण मराठी लोक या बाईला चांगले ओळखतो, कारण पु.लं.नी १९७५ साली तिचीच 'ती फुलराणी' केली. शॉची एलायझा म्हणजे आपली मंजुळा. फुलं विकणाऱ्या मुलीला प्रोफेसर उच्चभ्रू बोलणं शिकवतो आणि लोक फसतात. वायझनबामला हेच सुचवायचं होतं. प्रोग्रॅमला बोलायला शिकवता येतं, पण छान बोलणं वेगळं आणि समजणं वेगळं.

जानेवारी १९६६ मध्ये त्याने 'कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम' या नियतकालिकात या प्रोग्रॅमवर लेख लिहिला आणि सगळी जादू उघडी करून दाखवली. जादू कसली, आज आपण कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये लिहू इतपत साधी गोष्ट. वाक्यात काही ठरावीक शब्द शोधायचे. प्रत्येक शब्दाला एक क्रमांक, म्हणजे एकापेक्षा जास्त शब्द सापडले तर कुठला आधी घ्यायचा ते ठरलेलं. शब्द सापडला की वाक्याचे तुकडे करायचे, 'मी'चं 'तुम्ही' आणि 'माझं'चं 'तुमचं' करायचं, आणि ते तुकडे एका तयार साच्यात बसवून परत फेकायचे. काहीच सापडलं नाही तर "बोला, पुढे बोला" छापाचं काहीतरी म्हणायचं. किंवा माणूस आधी 'माझं अमुक' असं काही म्हणाला असेल तर ते लक्षात ठेवून मध्येच काढायचं. झालं. संपला प्रोग्रॅम.

एलायझाला वेगवेगळ्या भूमिका देता येत. त्यातली सर्वांत गाजली ती 'डॉक्टर'. ही भूमिका होती मानसोपचारतज्ज्ञाची, तीही कार्ल रॉजर्सच्या पठडीतल्या, म्हणजे रुग्णाचंच वाक्य हळुवारपणे त्याच्याकडे परत वळवणाऱ्या. वायझनबामने हीच भूमिका का निवडली? कारण जगाबद्दल काहीही माहीत नसलं तरी चालतं अशा मोजक्या धंद्यांतला हा एक त्याला दिसला. तुम्ही म्हणालात, की काल होडीतून लांबवर फिरून आलो, आणि समोरचा म्हणाला, "होड्यांबद्दल सांगा", तर मित्राच्या बाबतीत तुम्ही म्हणाल, याला होडी माहीत नाही की काय? पण समोर मानसोपचारतज्ज्ञ असेल तर तुम्ही म्हणता, विचारतायत म्हणजे त्यांच्या मनात काहीतरी असणार. अर्थ आपणच भरतो! प्रोग्रॅमने फक्त रिकामी जागा सोडायची.

आता ती सेक्रेटरी. ती वायझनबामच्याच हाताखाली काम करायची. हा माणूस महिनोन् महिने प्रोग्रॅम लिहितोय हे तिने डोळ्यांनी पाहिलेलं. आत कुणी बसलेलं नाही हे तिला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक. एक दिवस ती एलायझाशी बोलायला बसली. दोनचार वाक्यं झाली असतील नसतील, तिने वायझनबामला सांगितलं, की जरा खोलीबाहेर जाता का?

वायझनबामला हा धक्का पुढे आयुष्यभर पुरला. तेवढ्यावरही भागलं नाही. सगळ्या गप्पा नंतर तपासता येतील अशी सोय करावी असं त्याने एकदा सुचवलं, तर लोक चिडले. म्हणाले, ही तर आमच्या मनात हेरगिरी झाली. आणि १९६६ मध्येच केनेथ कोल्बी या मानसोपचारतज्ज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एका वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं, की अशा पद्धतीने एक संगणक तासाला शेकडो रुग्ण हाताळू शकेल. (या कोल्बीने पुढे १९७२ मध्ये 'पॅरी' नावाचा, संशयाने पछाडलेल्या रुग्णाचं सोंग घेणारा प्रोग्रॅम केला. त्याच वर्षी अर्पानेटवरून पॅरीची आणि 'डॉक्टर'ची गाठ घालून दिली गेली. एकाला ऐकू येत नाही, दुसऱ्याचा कुणावर विश्वास नाही, अशा दोन म्हाताऱ्यांनी बागेतल्या बाकावर बसून बोलावं तसा तो संवाद आहे.)

वायझनबामने १९७६ मध्ये 'कॉम्प्युटर पॉवर अँड ह्यूमन रीझन' हे पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: संगणक एखादी गोष्ट करू शकतो की नाही हा एक प्रश्न, आणि ती त्याच्याकडून करून घ्यावी की नाही हा वेगळा प्रश्न. आपल्या धंद्यात आपण पहिल्याच प्रश्नाचा एस्टिमेट देतो. दुसरा प्रश्न रिक्वायरमेंट डॉक्युमेंटमध्ये नसतोच.

*

आता कुणी म्हणेल, की मानसोपचार वेगळा आणि सकाळी कामाची यादी करून घेणं वेगळं. अगदी बरोबर. म्हणून थोडं आणखी मागे जाऊ.

स्वतःला कामाला लावण्यासाठी स्वतःच्या बाहेर काहीतरी ठेवायचं, ही युक्ती फार जुनी. १७३० च्या आसपास फिलाडेल्फियात बेंजामिन फ्रँकलिन नावाच्या एका तरुण छापखानेवाल्याने ठरवलं, की आपण नैतिकदृष्ट्या परिपूर्ण व्हायचं. (वय विशीतलं. या वयात असलं काहीतरी सगळेच ठरवतात, फरक एवढाच की त्याने ते ट्रॅक केलं.) त्याने सद्गुणांची यादी केली. एका वहीत प्रत्येक गुणाला एक पान, पानावर तक्ता, वर आठवड्याचे सात वार. चूक झाली की त्या चौकोनात काळा ठिपका. एका आठवड्यात एकाच गुणाकडे विशेष लक्ष, असे तेरा गुण, तेरा आठवडे, वर्षातून चार फेऱ्या. सकाळी स्वतःला विचारायचं, आज काय चांगलं करणार? रात्री विचारायचं, आज काय चांगलं केलं? ठिपके खोडून खोडून कागदाला भोकं पडायला लागली, तेव्हा त्याने पुसता येणारी हस्तिदंती पानं वापरली. म्हणजे अ‍ॅप अपग्रेड केलं!

गंमत म्हणजे त्याला सर्वांत जड गेला तो गुण होता व्यवस्थितपणा. जिथली वस्तू तिथे आणि ज्या वेळचं काम त्या वेळी. फ्रँकलिनने आत्मचरित्रात मोकळेपणाने कबूल केलंय, की हे आपल्याला शेवटपर्यंत जमलं नाही. अडीचशे वर्षांनंतरही प्रॉडक्टिव्हिटी अ‍ॅप्सचं दुकान कशावर चालतं ते कळलं ना?

पण त्या वहीबद्दलची एक गोष्ट बहुतेक लोक सांगत नाहीत. फ्रँकलिनच्या यादीत आधी बाराच गुण होते. तेरावा आला तो एका क्वेकर मित्रामुळे. मित्राने त्याला सौम्य शब्दांत सांगितलं, की बाबा रे, लोक तुला गर्विष्ठ समजतात. वाद घालताना तुझं म्हणणं बरोबर असून तुझं समाधान होत नाही, तुला समोरच्याला चीत करायचं असतं. वर उदाहरणंही दिली. मग फ्रँकलिनने यादीत नम्रता घातली.

ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे लागेल.

*

आपल्या धंद्यातली दुसरी युक्ती म्हणजे रबराचं बदक. अँड्र्यू हंट आणि डेव्हिड थॉमस यांच्या 'द प्रॅग्मॅटिक प्रोग्रॅमर' (१९९९) या पुस्तकामुळे ती जगभर पसरली. बग सापडत नसला की टेबलावर बदक ठेवायचं आणि त्याला आपला कोड ओळीओळीने समजावून सांगायचा. सांगता सांगता आपल्यालाच चूक दिसते. आमच्या टीममध्ये बदकाऐवजी एक गणपती होता, त्यालाही चालायचं. :-) बदकाला काही कळत नाही, आणि कळायची गरजही नाही. डोक्यात गोल गोल फिरणारी गोष्ट एका रांगेत मांडावी लागते, हाच तर उपचार.

तिसरी गोष्ट प्रयोगशाळेतली. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने नव्वदच्या दशकात दाखवून दिलं, की 'मी हे करणारच' असा नुसता निश्चय करण्यापेक्षा 'अमुक वेळी, अमुक ठिकाणी बसून, अमुक प्रकारे करीन' असं आधी ठरवलं तर काम पार पडण्याची शक्यता बरीच वाढते. १९९७ मध्ये त्याने एका सहकारी संशोधिकेबरोबर एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना सांगितलं, की ख्रिसमस ईव्हचा दिवस कसा घालवला यावर दोन दिवसांत एक टिपण लिहून पाठवा. म्हणजे ऐन सुट्टीत गृहपाठ! ज्यांनी केव्हा आणि कुठे लिहिणार हे आधीच ठरवलं, त्यांच्यात टिपण वेळेत लिहिणाऱ्यांचं प्रमाण इतरांच्या दुपटीहून जास्त निघालं.

या तीन गोष्टी एकत्र केल्या की चॅटबॉटचा रोजच्या कामात फायदा का होतो ते कळतं. तो फ्रँकलिनची वही आहे, सकाळ-संध्याकाळ प्रश्न विचारणारी. तो बदक आहे, समोर बसून ऐकणारं. आणि तुम्ही सांगितलंत तर 'केव्हा, कुठे, कसं' हा प्रश्न तो न कंटाळता दहा वेळा विचारतो. मी स्वतः सांगतो, फायदा होतो. 'मायग्रेशनचा डॉक पूर्ण करणे' ही माझ्या यादीत सहा आठवडे पडलेली ओळ होती. त्याला सांगितल्यावर त्याने तिचे सात तुकडे केले. पहिला तुकडा होता, जुन्या टेबलांची नावं कॉपी करून एका फाइलमध्ये टाका, वीस मिनिटं. वीस मिनिटं कुणालाही जमतात. चार दिवसांत डॉक झाला.

असे प्रोग्रॅम खऱ्या उपचारासाठीही वापरून पाहिले गेलेत. २०१७ मध्ये 'वोबॉट' नावाचा चॅटबॉट आला. त्याची उत्तरं माणसांनी आधीच लिहून ठेवलेली, म्हणजे एलायझाचंच सुधारलेलं आणि जबाबदार घराणं. सत्तर तरुणांवर दोन आठवडे चाचणी झाली, आणि नुसतं माहितीपुस्तक वाचणाऱ्यांपेक्षा वोबॉटशी बोलणाऱ्यांची नैराश्याची लक्षणं जास्त कमी झालेली दिसली. चाचणी छोटी, काळ छोटा, पण परिणाम दिसला. ते अ‍ॅप जून २०२५ च्या अखेरीस बंद झालं.

तोपर्यंत जग पुढे गेलं होतं. ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी आलं आणि साच्यांची गरजच संपली. हा बोलणारा काहीही बोलतो, कुठल्याही विषयावर, मराठीतसुद्धा. आणि इथेच बदकात आणि याच्यात मोठा फरक पडतो.

बदक तुमची स्तुती करत नाही.

या मॉडेल्सना शिकवताना माणसांच्या पसंतीचा वापर होतो. दोन उत्तरांतलं कुठलं आवडलं ते माणसं सांगतात आणि मॉडेल तिकडे झुकत जातं. आता माणसाला काय आवडतं? आपलं बरोबर आहे हे ऐकायला आवडतं. एप्रिल २०२५ च्या अखेरीस ओपनएआयने चॅटजीपीटीमधल्या जीपीटी-४ओ या मॉडेलमध्ये एक बदल सोडला आणि ते इतकं होयबा झालं, की काही दिवसांतच कंपनीला तो मागे घ्यावा लागला. उगाच लागलेल्या थम्स-अपना जास्त वजन दिल्याने असं होऊ शकतं हे त्यांनी स्वतःच मान्य केलं. म्हणजे प्रॉडक्शनमध्ये रोलबॅक झाला, कारण सॉफ्टवेअर फार गोड बोलायला लागलं! आपल्या धंद्याच्या इतिहासात असा बग पूर्वी कुणी फाइल केला असेल असं मला वाटत नाही.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नवीन मॉडेल आल्यावर हेच जुनं ४ओ काढून टाकलं, तर लोक हळहळले. मित्र गेला, असं लिहिणारेही होते. काही दिवसांत कंपनीने पैसे भरणाऱ्या ग्राहकांसाठी ते परत आणलं. जुलैमध्ये ओपनएआयच्या सॅम ऑल्टमननेच एका मुलाखतीत सांगितलं होतं, की डॉक्टर किंवा वकिलाशी झालेल्या बोलण्याला कायद्याचं जे संरक्षण मिळतं ते चॅटजीपीटीशी झालेल्या बोलण्याला नाही. साठच्या दशकात 'हेरगिरी' म्हणून चिडलेली मंडळी आठवली. तेव्हा लोक आधी चिडले होते. आता आपण 'आय अ‍ॅग्री' दाबून मोकळे होतो.

*

आता माझं खरं कारण.

त्या मंगळवारी दुपारी माझं वार्षिक रिव्ह्यू झालं होतं. रेटिंग खाली आलं. मॅनेजरने लिहिलं होतं, की काम उत्तम, पण टीममधले ज्युनिअर याच्यासमोर प्रश्न विचारायला घाबरतात, आणि डिझाइनच्या चर्चेत हा दुसऱ्याचं पूर्ण ऐकून घेत नाही. पुढच्या सहा महिन्यांत सुधारणा दिसली नाही तर टीम लीडपद जाईल.

घरी आलो, जेवलो, काही बोललो नाही. रात्री सगळं चॅटबॉटला सांगितलं. त्याने काय म्हणावं? तुमचे निकष उंच आहेत. उंच निकष असलेल्या लोकांबद्दल असे गैरसमज होतात. तुम्हाला किती वाईट वाटलं असेल. मग त्याने मला उद्याचे तीन मुद्दे काढून दिले, मॅनेजरला लिहायच्या मेलचा मसुदा दिला, वर 'तुम्ही हे करू शकता' हेही. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! नेमक्या त्याच वेळी बायको मागे येऊन उभी राहिली होती.

पुढचे तीन आठवडे रोज रात्री हेच. ब्लॉगला वेळ कुठला मिळणार?

मग एका शनिवारी ठरवलं, की एलायझा मराठीत लिहून बघू. २०२१ मध्ये एमआयटीच्या संग्रहात वायझनबामच्या कागदपत्रांत एलायझाचा मूळ कोड सापडला, आणि २०२४ च्या शेवटी काही उत्साही मंडळींनी त्या काळच्या यंत्रणेची नक्कल उभारून तो पुन्हा चालवलाही. ते वाचून हात शिवशिवत होतेच. पायथनमध्ये दीडशे ओळी, दुपारपर्यंत काम संपेल असा एस्टिमेट.

संपलं नाही. कारण मराठी! इंग्रजीत 'आय'चं 'यू' केलं की बरंचसं काम भागतं. मराठीत क्रियापदही कर्त्याच्या मागे धावतं. मी टाइप केलं, "मी घाबरलोय." प्रोग्रॅम म्हणाला, "तुम्ही घाबरलोय असं का वाटतं?" मी लिहिलं, "मी चुकलो." प्रोग्रॅम म्हणाला, "तुम्ही चुकलो हे कधी लक्षात आलं?" तो 'लो' काही सुटेना. घाबरलो, घाबरले, घाबरलात, घाबरलीस. नियमांवर नियम. उलट दुसऱ्याबद्दल बोललं की प्रोग्रॅम लोण्यासारखा चालायचा. "माझा मॅनेजर मला समजून घेत नाही" याचं "तुमचा मॅनेजर तुम्हाला समजून घेत नाही" एका झटक्यात. तृतीय पुरुषाचं क्रियापद हलतच नाही ना!

संध्याकाळी बायको चहा घेऊन आली. म्हणाली, "काय चाललंय?" या वेळी मी लॅपटॉप मिटला नाही. दाखवला. म्हटलं, "टेस्ट कर. दुसऱ्याबद्दलचीच वाक्यं टाक, पहिल्या पुरुषात बग आहे."

तिने बसून एकच वाक्य टाइप केलं.

"माझा नवरा माझ्याशी बोलत नाही."

प्रोग्रॅमने क्षणात उत्तर दिलं, "तुमचा नवरा तुमच्याशी बोलत नाही असं कधीपासून वाटतंय?"

व्याकरण अचूक होतं.

ती हसली, "छान चालतोय की तुझा प्रोग्रॅम," म्हणाली आणि कप उचलून आत गेली. मी बराच वेळ त्या ओळीकडे बघत बसलो. दीडशे ओळींच्या कोडला काही कळलं नव्हतं. मला कळलं.

रात्री तिला सगळं सांगितलं. रिव्ह्यू, रेटिंग, सहा महिने, सगळं. मला वाटलं होतं, ती घाबरेल, ईएमआयचं विचारेल. तिने ते विचारलंही. पण आधी शांतपणे म्हणाली, "मॅनेजरने जे लिहिलंय ना, ते मी लग्नापासून सांगतेय. तू ऐकत नाहीस. समोरच्याचं वाक्य अर्ध्यात आलं की तू उत्तर द्यायला सुरुवात करतोस."

"असं काही न—"

"बघ."

काय बोलणार! फ्रँकलिनची वही बारा गुणांवर का थांबली होती ते मला त्या क्षणी नीट समजलं. वहीत आपण तेच लिहितो जे आपल्याला दिसतं. तेरावा गुण दुसऱ्याला दिसतो. चॅटबॉटने चार महिन्यांत माझी हजारो वाक्यं वाचली, पण ती सगळी माझीच होती. त्याने मला कधी मीटिंगमध्ये पाहिलं नाही, ज्युनिअर पोरांचे चेहरे पाहिले नाहीत. तो खोटं बोलला असंही नाही. मी जेवढं सांगितलं तेवढ्यातून तेच उत्तर निघत होतं. इनपुट तसा आउटपुट, हे आपल्याला पहिल्या सेमिस्टरला शिकवलेलं असतं.

*

मग मी चॅटबॉट सोडला का? नाही. हा लेख लिहायची वेळसुद्धा त्यानेच विचारून विचारून पक्की करून घेतली. शनिवारी सकाळी सात, गॅलरीत, आधी फक्त पहिला परिच्छेद. पण काही गोष्टी बदलल्या. 'मी बरोबर आहे ना?' हा प्रश्न त्याला विचारायचा नाही. त्याऐवजी 'या प्रसंगात समोरच्याची बाजू काय असेल, आणि मी तुला काय सांगायचं टाळलं असेल?' असं विचारायचं. उत्तर कधीकधी इतकं झोंबतं की बंद करून टाकावंसं वाटतं. यादी लावणं, कामाचे तुकडे करणं, रखडलेल्या मेलची पहिली ओळ लिहून देणं, यासाठी तो उत्तम आहे.

आणि एक नियम माझ्यापुरता: कुणी मागे येऊन उभं राहिलं की ज्या गोष्टीसाठी लॅपटॉप मिटावासा वाटतो, ती गोष्ट आधी त्या मागे उभ्या राहिलेल्या माणसाला सांगायची. चॅटबॉटला नंतर.

सहा महिन्यांतले दोन गेलेत. मीटिंगमध्ये मी आता तोंडासमोर पेन धरून बसतो. समोरच्याचं बोलणं पूर्ण होईपर्यंत पेन खाली ठेवायचं नाही, ही बायकोची आयडिया. परवा एका ज्युनिअर मुलीने माझ्या डिझाइनमधली चूक सर्वांसमोर दाखवली. चूक खरीच होती. पेन तोंडासमोर असल्यामुळे मला ती ऐकू आली.

वायझनबाम म्हातारपणी बर्लिनला परत गेला आणि मार्च २००८ मध्ये वारला. चॅटजीपीटी त्याने पाहिलं नाही. पण त्याची सेक्रेटरी त्याला खोलीबाहेर जा म्हणाली तेव्हाच त्याने आपल्या सगळ्यांना पाहून घेतलं होतं, असं मला वाटतं.

असो. मराठी एलायझातला तो 'घाबरलोय'चा बग अजून तसाच आहे. दुरुस्त करायचा विचार आहे, पण घाई नाही. ते वाक्य सध्या मी दुसरीकडे बोलतो.